माऊलींच्या मागे, सासवडपर्यंत

ज्येष्ठ वद्य अष्टमी, आळंदी

सासूबाई कसलाही नवस बोललेल्या नव्हत्या. हे आधीच सांगते, कारण आम्ही दोघी ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते सासवड पायी जाणार म्हटल्यावर भेटेल तो विचारत होता, "नवस फेडायला ना?" सासूबाई माळकरी आहेत. नवसाला तुकोबांनी कसं फटकारलंय ते त्यांना पाठ आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "माऊलीशी कसला आलाय व्यवहार? भेटायला चाललेय."

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमचा धाकटा किल्ल्यासाठी माती आणायला सायकलवरून सोसायटीच्या फाटकाबाहेर पडला आणि उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीने त्याला उडवलं. आठ वर्षांचं पोर. अंगावर खरचटण्यापलीकडे फारसं काही नव्हतं, पण शुद्ध गेली ती गेली. कुणीतरी 108 ला फोन केला. मी पायातल्या घरच्या चपलांवरच ॲम्ब्युलन्समध्ये चढले.

सीटी स्कॅनमध्ये मोठी गाठ दिसली नाही, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं. पुढे एमआरआय झाला आणि डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. डोक्याला जोराचा हिसका बसला की मेंदू कवटीच्या आत फिरतो, आणि मज्जापेशींचे लांब धागे जागोजागी ताणले जातात, तुटतात. ऑपरेशन करून काढण्यासारखं त्यात काही नसतं. वाट बघायची. शुद्धीचं माप 3 पासून 15 पर्यंत असतं, 8 किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. आमच्या पोराचं 5 होतं. "जगेल का?" असं यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता मला सांगता येत नाही." त्या माणसाने खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

आज दुपारी आळंदीत पोचलो तेव्हा इंद्रायणीचा घाट माणसांनी भरून गेला होता. पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. दरवर्षी वाचतो, बातम्यांत बघतो, पण समोर बघताना पोटात तुटतं. सासूबाईंनी क्षणभर पाण्याकडे पाहिलं, वाकून चार थेंब डोक्याला लावले आणि म्हणाल्या, "तिची काय चूक?"

प्रस्थानाला देवळात मोजक्या दिंड्यांनाच सोडतात. आम्ही बाहेर, पडद्यावर बघणाऱ्या गर्दीत. देवळाच्या दारातल्या हैबतबाबांच्या पायरीपर्यंत पोचणंही शक्य नव्हतं. साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप दिलं, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे घोडे तेव्हापासून आजवर पालखीपुढे चालतात. घोडे आत गेले तेव्हा जो गजर झाला, तो कानांनी कमी आणि छातीने जास्त ऐकला. कळस हलतो अशी श्रद्धा आहे. माझ्या शेजारची बाई एकटक कळसाकडे बघत होती. मला हललेला दिसला नाही. तिला दिसला असावा, कारण तिने हात जोडून डोळे मिटले.

पालखी पहिल्या मुक्कामाला, आळंदीतच, आजोळघरी विसावली. आम्ही सासूबाईंच्या माहेरच्या दिंडीत. रथापुढे 27 दिंड्या असतात, आमची मागे. पत्र्याच्या शेडमध्ये आमटी-भात खाऊन अंग टाकलं. रात्री पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि टाळ थांबले नव्हते.

ज्येष्ठ वद्य नवमी, आळंदी ते पुणे

पहाटेच निघालो. दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी. हा रस्ता मी नोकरीसाठी कितीदा तरी गाडीवरून केलाय. पायी गेलं की तोच रस्ता निराळा होतो. प्रत्येक कोपऱ्यावर कुणी ना कुणी उभं होतं. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा. एका झाडाखाली चर्मकार बांधव फुकट चपला शिवून देत होते, पलीकडे नाभिक बांधव दाढ्या करत होते. कॉलेजातली मुलं म्हाताऱ्या बायांचे पाय मांडीवर घेऊन चोळत होती. सासूबाईंनी पाय पुढे केले नाहीत. "मला कशाला, मी आत्ता तर निघालेय," म्हणाल्या. चौऱ्याहत्तरी उलटलेली बाई.

विश्रांतवाडीच्या पुढे मागून ॲम्ब्युलन्सचा भोंगा आला. रस्ता दोन्ही कडांपर्यंत ठासून भरलेला, पाय ठेवायला जागा नाही. मी जागच्या जागी थिजले. तो आवाज अजूनही मला सहन होत नाही. पुढच्या दिंडीच्या विणेकऱ्याने नुसता हात वर केला, आणि हजारो माणसं भिंतींना, दुभाजकांना चिकटली. टाळ चालूच. बायांनी डोक्यावरची तुळशीवृंदावनं दोन्ही हातांनी धरून अंग चोरलं. गाडी सरळ निघून गेली, एकदाही न थांबता. तिच्या मागे माणसं पुन्हा मिळून गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या वेळीही कुणीतरी असंच बाजूला सरकलं असेल म्हणून आम्ही वेळेत पोचलो, एवढंच मनात येत राहिलं.

दवाखान्यातले ते दिवस आज चालताना ओळीने आठवले. आयसीयूत संध्याकाळी अर्धा तास, एका वेळी एकाच माणसाला सोडायचे. सासूबाई आपल्या पाळीला आत जाऊन हरिपाठ म्हणायच्या, अगदी हळू, यंत्रांच्या आवाजाखाली राहील इतका. त्यांना पोराच्या कपाळाला बुक्का लावायचा होता. सिस्टर म्हणाल्या, "आजी, इथे पावडर चालत नाही, त्याच्या गळ्याला नळी आहे." सासूबाईंनी हट्ट केला नाही. बाहेर आल्या, पुडी उघडली आणि आधी स्वतःला लावला तसाच दुसरा ठिपका लावला. "हा त्याच्या वाट्याचा. तो उठेपर्यंत मी लावते." त्यानंतर रोज त्यांच्या कपाळावर दोन ठिपके असायचे. वॉर्डबॉयसुद्धा ओळखायला लागले होते.

घरी थोरलीने अर्धवट किल्ला मोडू दिला नाही. भावाने पेरलेल्या अळिवावर ती रोज सकाळी शाळेत जाण्याआधी पाणी शिंपडायची. अळीव चांगला बोटभर वाढला, वाकला, पिवळा पडला. तिने परत पेरला.

पहिली हालचाल झाली ती हरिपाठाच्या वेळी झाली असं मला लिहायला आवडलं असतं. तशी ती झाली नाही. सिस्टर गळ्याच्या नळीतून कफ ओढत होत्या, त्याला ते दुखलं, आणि त्याने उजवा हात उचलून नेमका त्यांचा हात ढकलला. आधी तो दुखलं की नुसता आखडायचा. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पुन्हा करून पाहिलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते हसले. दुखतंय कुठे हे शोधून तिथे हात नेणं ही मेंदूच्या दृष्टीने मोठी मजल असते. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "ढकलला ना? मग आहे आत. भांडतोय."

तिथून पुढे झपाट्याने काही झालं नाही. डोळे उघडले, पण नजर लागेना. मग नजर लागली, पण गिळता येईना. नाकातली नळी, मग पातळ पेज चमच्याने, मग मऊ भात. मान धरायला शिकला, बसायला शिकला. लहान मुलांच्या मेंदूला नव्या वाटा पाडता येतात, असं फिजिओच्या ताई सांगायच्या, आणि त्या वाटा फक्त पुन्हा पुन्हा करण्यानेच पडतात. यांनी भिंतीवर तक्ता लावला होता, कोणता व्यायाम, किती वेळा, किती वाजता. ह्यांची श्रद्धा त्या तक्त्यावर होती आणि सासूबाईंची हरिपाठावर. आमच्या घरात या दोन गोष्टींचं कधी भांडण झालं नाही. हरिपाठ चालू असताना गुडघा वाकवायचा, सरळ करायचा. अभंग संपला की पाय बदलायचा.

दुपारनंतर फर्ग्युसन रस्त्यावर तुकाराम पादुका चौकाजवळ हे दोन्ही मुलांना घेऊन उभे होते, गर्दीपासून जरा मागे, एका दुकानाच्या पायरीवर. धाकट्याच्या डाव्या पायात स्प्लिंट, डोक्यावर टोपी. आम्ही दिसल्यावर त्याने हात हलवला. डावा हलवला. तक्त्यात रोज लिहिलेलं असतं, 'डावा हात वापर'. त्याला इतक्या लोकांत ते आठवलं!

ज्येष्ठ वद्य दशमी, पुणे मुक्काम

पालख्या पुण्यात दोन रात्री असतात. माऊली भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. तुकोबांच्या धाकट्या मुलाने, नारायणबाबांनी, 1685 मध्ये पादुका पालखीत घालून वारीला न्यायला सुरुवात केली, तेव्हापासून पालखीचा रिवाज पडला. दोन दिवस पेठांतल्या शाळा, वाडे, मंगल कार्यालयं वारकऱ्यांनी भरून जातात, आणि पुण्याचा एरवीचा घाईचा स्वभाव कुठल्या कुठे जातो.

दर्शनाची रांग फार लांब होती. धाकट्याला त्यात उभं करणं शक्य नव्हतं. त्याऐवजी आमची दिंडी ज्या शाळेत उतरली होती तिथे त्याला नेलं. त्याने आणि थोरलीने शेंगदाण्याचे लाडू वाटले. तो अजून अडखळत बोलतो, लांब वाक्य मध्येच तुटतं, आणि मग तो रडवेला होऊन गप्प बसतो. इथे मात्र लाडू पुढे करून 'माऊली' म्हटलं की पुरत होतं. समोरचाही 'माऊली' म्हणायचा. वर्गाच्या दारापासून शेवटच्या बाकापर्यंत तो न थांबता बोलत गेला.

एका म्हाताऱ्या वारकऱ्याने लाडू घेतला आणि वाकून धाकट्याच्या पायांना हात लावला, स्प्लिंटला लावला. वारीत लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. पोराला ते कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तोही वाकला. गुडघे टेकून वाकणं हा त्याच्यासाठी अवघड व्यायाम आहे. त्याचा तोल गेला, आजोबांनी खांद्याला धरला. "सावकाश, घाई कशाला," म्हणाले. काय झालंय, कसं झालंय, काही विचारलं नाही.

बाकीच्यांनी विचारलं. आणि ऐकून बहुतेकांनी तेच म्हटलं जे आम्हाला नातेवाईक, शेजारी, ऑफिसमधले सगळे म्हणतात: "तुमची श्रद्धा मोठी, म्हणून पोर उठलं." लोक प्रेमाने म्हणतात. तरी मला ते वाक्य लागतं. धाकट्याच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, त्याच्याच वयाची. तिचं माप त्याच्यापेक्षा बरं होतं. तिची आई माझ्यापेक्षा किती तरी जास्त देवाचं करायची. सोमवार, गुरुवार, शनिवार, सगळे उपास. त्या मुलीला अजून शुद्ध आलेली नाही. श्रद्धेचं फळ म्हणून माझा मुलगा उठला असेल, तर त्या बाईच्या पदरात मी काय टाकते आहे? उद्या वाटेत तिचं घर लागतं.

ज्येष्ठ वद्य एकादशी, पुणे ते सासवड

सगळ्यात लांबचा टप्पा आजचाच, आणि त्यात एकादशीचा उपास. पहाटे पालखी निघाली, पुलगेट, मग हडपसरकडे. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात, तुकोबा लोणी काळभोरकडे आणि माऊली दिवे घाटाकडे.

हडपसरला त्या मुलीच्या आईने इमारतीखाली टेबल मांडलं होतं. साबुदाण्याची खिचडी, केळी, चहा. दरवर्षी मांडते, यंदाही मांडलं. मला बघून तिने हातातला डाव शेजारणीकडे दिला आणि आम्हाला वर घेऊन गेली.

मुलगी खिडकीशी खाटेवर होती. स्वच्छ, केसांच्या दोन घट्ट वेण्या, त्यांना लाल रिबिनी. डोळे उघडे, पण ते आपल्यावर थांबत नाहीत. पोटाला खाण्याची नळी. भिंतीवर शाळेचा गेल्या वर्षीचा वर्गाचा फोटो. मी वाटेत बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले.

सासूबाईंनी आधी मोरीत जाऊन हातपाय धुतले. मग खाटेच्या पायथ्याशी बसल्या आणि विचारलं, "तेल कुठाय गं?" वाटीत तेल आणलं तसं त्यांनी पोरीची पावलं मांडीवर घेतली. टाचा ताठ झाल्या होत्या, पावलं खाली वळलेली. अंगठ्याने तळव्याच्या मधोमध दाबत, घोट्याला गोल फिरवत, त्या सावकाश पाऊल वर वळवत राहिल्या. फिजिओच्या ताईंनी धाकट्यासाठी शिकवलेलं तेच. मुखाने काही म्हणत नव्हत्या.

तिची आई दाराला टेकून उभी होती. तिने विचारलं, "आजी, मी कुठे कमी पडले?"

सासूबाई हात न थांबवता म्हणाल्या, "तू कुठेच कमी पडली नाहीस. आमचं काही जास्त झालं नव्हतं, बाई. मला नाही कळत. कळलं असतं तर तुझ्यापासून लपवलं असतं का?"

मग दोघी गप्प. थोड्या वेळाने सासूबाईंनी विचारलं, "रात्री झोपतेस का?" तेव्हा ती रडली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. नवरा रात्रपाळीला असतो.

आम्ही बऱ्याच उशिराने निघालो. दिंडी पुढे गेली होती, तिला गाठायला झपाझप चालावं लागलं. वडकीच्या पुढे मस्तानी तलाव मागे टाकला आणि घाट सुरू झाला. दिवे घाटाची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात: वळणावळणाने वर चढणारी पांढरी रांग, भगव्या पताका. आत चालताना ती रांग दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. रथाला चढासाठी जादा बैलजोड्या लावतात. वळणावर बैलांची खुरं ओल्या डांबरावर सरकली की बाजूची माणसं नकळत रथाला हात लावायची. वारं सुटलं, पावसाची सर आली. सासूबाईंचा श्वास लागला होता, पण बसायला तयार नव्हत्या. मी विचारलं, "आई, तिला 'माऊली करेल सगळं नीट' असं का नाही म्हणालात? तुम्ही आम्हाला तर रोज म्हणायच्या."

त्या चढावरच थांबल्या. "तुम्हाला म्हणत होते तेव्हा मी तिथं दिवसरात्र बसलेली असायचे. तिला म्हणून मी चालू लागले असते ना सासवडला." आणि पुढे निघाल्या.

सासवडला पोचेपर्यंत अंधार पडला होता. पालखीतळावर समाजआरती पाहिली, आजच्या दिवसातली ही गोष्ट मला विसरता येणार नाही. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ थांबवत नाही. शांततेत तेवढाच टाळ वाजत राहतो. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, तोड निघाली की टाळ थांबतो, आणि त्यानंतरच आरती. आज मागच्या बाजूला एका दिंडीचा टाळ वाजत होता. हजारो माणसं ताटकळत उभी, दिवसभर उपाशी चाललेली, पण "गप्प बसा" असं कुणी ओरडलं नाही. गाऱ्हाणं असलेल्याने वाजवायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं, असा तिथला नियमच आहे. मला हडपसरची ती बाई डोळ्यांपुढे दिसत होती.

ज्येष्ठ वद्य द्वादशी, सासवड

कऱ्हेकाठी सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं. ज्ञानेश्वरांचा हा धाकटा भाऊ. आज त्यांचीही पालखी पंढरीला निघते, त्यामुळे सकाळपासून देवळात रीघ. उपास सोडला, दिंडीतल्या सगळ्यांच्या पाया पडलो. सासूबाईंच्या मैत्रिणीने "पुढं चल की पंढरपूरपर्यंत" म्हणून आग्रह केला. त्यांचं मन होतं, दिसत होतं. "यंदा नाही," म्हणाल्या.

दुपारी मिळाली ती बस पकडून परत निघालो. हडपसर गाडीतळ आल्यावर सासूबाई पिशवी घेऊन उठल्या. म्हणाल्या, "तू हो पुढं, त्याची चारची फिजिओ आहे. मी आज रात्री इथं राहते. ती जरा झोपेल." फोन करून त्यांनी यांना तो भिंतीवरचा तक्ता काढून, फोटो काढून पाठवायला सांगितला, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं की टाचेचा व्यायाम गरम पाण्याचा शेक दिल्यावरच करायचा.

आता दर गुरुवारी त्या हडपसरला मुक्कामाला जातात. मुलीच्या टाचा थोड्या सैल झाल्यात, बाकी काही बदललेलं नाही. तिची आई गुरुवारी रात्री सलग झोपते.